‘सावकारी पाश’ : एक उपेक्षित मूकपट आणि सुप्याचा दंगा

इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत चित्रपटाचें परीक्षण कशाला, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. अध्यापनाच्या काळांत आम्हींही तोच केला असता. परंतु लोक आपल्या दुःखाकडे कोणत्या दृष्टीनें पाहत होते, हें दप्तरांतील कागदांवरून नेहमीच कळतें असें नाहीं. त्यासाठीं निराळीं साधनें तपासावीं लागतात. ‘सावकारी पाश’ हा मूकपट अशा साधनांपैकीं एक आहे, असें आमचें मत असून, बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाच्या आधारें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें हा मूकपट १९२५ सालीं काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). कथा नारायण हरि आपटे यांची. याच बाबूरावांचा १९२३ सालचा ‘सिंहगड’ हा हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. दोन्ही ग्रंथकारांचीं नांवें एकमेकांच्या उलट असल्यानें, गल्लत होऊं नये म्हणून हें आरंभींच नमूद करतों. ‘सावकारी पाशां’त तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनीं, तर सावकाराची झुंझारराव पवार यांनीं केली. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो, शेतकरी गांव सोडून शहरांत जातो आणि गिरणींत मजूर होतो, हें त्याचें कथासूत्र. १९३६ सालीं बाबूरावांनीं शालिनी सिनेटोनमध्यें हीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हा काढली. मूळ मूकपट मात्र आज उपलब्ध नाहीं. तेव्हां हें परीक्षण एखाद्या हरवलेल्या बखरीचें तिच्या उल्लेखांवरून करावें तसें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या उल्लेखांत चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांची आठवण आम्हांस मोलाची वाटते. अनेक वर्षांनंतरही त्यांच्या मनांत याच कथेच्या बोलपटांतील मंद प्रकाशांत दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचें रडणें एवढें उरलें होतें.   पाहणाऱ्यास तें इतक्या वर्षांनंतरही आठवावें, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर कर्जबाजारी कुटुंब हा येथें आलंबन-विभाव आणि झोपडी, अंधार व कुत्रें हे उद्दीपन-विभाव होत. पौराणिक कथांचे देखावे रंगविणाऱ्या चित्रकारानें करुणासाठीं इतकीं थोडकीं व घरगुतीं साधनें निवडावीं, यांतच त्याची योग्यता दिसते. भारतीय पडद्यावरील वास्तववादाचा आरंभ या मूकपटापासून मानण्याची रीत आहे, ती निराधार नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. इंदापूर म्हटलें कीं आम्हां संशोधकांस मालोजीराजे आठवतात, बारामती म्हटलें कीं मोरोपंत, आणि सुपें म्हटलें कीं शहाजीराजांची जहागीर. पण गोल्डस्मिड व विंगेट यांच्या नव्या जमाबंदीचा पहिला प्रयोग १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांतच झाला, हें किती जणांस आठवतें? तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर आकारणी पुष्कळच वाढली. याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून (१८६५) कापसाचे भाव कोसळले व सावकारांनीं हात आखडते घेतले. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोखा तीनच वर्षें ग्राह्य धरला जाई. कुळाच्या संरक्षणासाठीं केलेल्या या कायद्याचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि निरक्षर कूळ त्यावर निशाणी करी. पुढें तोच कागद दिवाणी कोर्टांत पुरावा होई.

याचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत झाला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज तें बारामती तालुक्यांत आहे. जमावानें दुकानें लुटलीं, आग लावली. पण त्याचा खरा रोख खतें, रोखे व हिशेबाच्या वह्या यांवर होता. कागद मिळाले कीं ते जाळीत. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रसंग विरळाच घडले. दंग्याचें हें लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पोंचलें, चौकशीस कमिशन बसलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

सुप्याचा दंगा व हा मूकपट यांत बरोबर पन्नास वर्षांचें अंतर आहे. दोन्ही शेजारी ठेवले असतां आमचा पहिला आक्षेप असा कीं, कथासूत्रावरून पाहतां या चित्रपटांत पाश आवळणारा हात एकट्या सावकाराचा आहे. दोर वळणारी जमाबंदी व त्याला गांठ मारणारा कायदा यांना त्यांत भूमिका नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, सुप्याचा शेतकरी कागदावर चालून गेला, तर पडद्यावरचा शेतकरी गांव सोडून निघाला. पहिला आक्षेप आम्ही कायम ठेवतों. दुसरा मात्र विचारांतीं मागें घेतों. १९२५ च्या शेतकऱ्यापुढें गिरणीची वाट खरोखरच उघडी होती. ती त्याच्या १८७५ च्या आजोबापुढें तितकी नव्हती. बाबूरावांनीं आपल्या काळाची साक्ष दिली, मागल्या काळाची नव्हे. आणि साधनाची किंमत आपण याच कसोटीवर ठरवितों.

प्रेक्षकांनीं ‘सिंहगड’ डोक्यावर घेतला, ‘सावकारी पाश’ मात्र चालला नाहीं, व बाबूराव पुन्हा पोषाखी चित्रपटांकडे वळले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. या भागांतील मुलांना आम्हीं कित्येक वर्षें शिकविलें. तानाजीची कथा प्रत्येकास पाठ असे. सुप्यास काय जळलें, हें एकासही ठाऊक नसे, कारण आम्हींच तें कधीं सांगितलें नव्हतें. प्रेक्षकांनीं जी निवड केली तीच आम्हीं वर्गांत केली.

अलीकडे, २००९ सालीं, सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. विदर्भांतील या कथेंत शेजाऱ्याच्या आत्महत्येनें धास्तावलेली बायको आपल्या नवऱ्यावर रात्रंदिवस पाळत ठेवते. कथेच्या केंद्रस्थानीं आतां खलपुरुष सावकार नाहीं. दबा धरून बसली आहे ती धास्ती. ‘सावकारी पाशां’त जें उणें राहिलें, त्याची भरपाई येथें बव्हंशीं झाली आहे. तथापि हाही चित्रपट जितक्या लोकांनीं पाहावयास हवा होता तितक्यांनीं पाहिला नाहीं. उपेक्षेची ही परंपरा अखंड आहे.

शेवटीं एक विनंती. चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय १९६४ सालीं पुण्यासच स्थापन झालें. तोंवर मूकपटांच्या पुष्कळशा फिती नष्ट झाल्या होत्या. नायट्रेटची फीत लवकर पेटते, कुजतेही लवकर. परंतु जाहिरातीचे कागद, खेळाच्या वेळीं विकलेल्या चोपड्या, छायाचित्रें, पत्रव्यवहार हें जुन्या पेट्यांतून अद्यापि निघण्याजोगें आहे. बारामती-इंदापूरकडील वाचकांनीं सनदा व महजर शोधतांना असे कागद आढळल्यास ते रद्दींत न टाकतां मंडळाकडे धाडावे. सुप्याच्या लोकांनीं कागद जाळले, ते त्यांचें सामर्थ्य ओळखून. आपण ही फीत गमावली, ती तिचें मोल न ओळखल्यामुळें. उरलेल्याच्या बाबतींत तरी तसें होऊं नये.