फोन्सेकांची मरिया : वेष आणि प्रतीक

गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं बायबलांतील प्रसंग रंगवितांना मरियेस साडी नेसविली, म्हणून गोव्यांतील कांहीं धर्मनिष्ठांनीं त्यांस दोष दिला. पुढें त्यांच्या कार्यास पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत आश्रय मिळाला.

सदर आक्षेप इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठांत फ्रा आंजेलिको यानें इ. स. १४४० नंतरच्या दशकांत देवदूताच्या शुभवार्तेचें भित्तिचित्र काढिलें. त्यांतील कमानदार ओसरी नाझरेथची नसून त्या मठाच्याच धाटणीची आहे. लिओनार्दोच्या याच विषयावरील चित्रांत मरियेपुढील कोरीव पीठ तत्कालीन फ्लॉरेन्सच्या समाधिशिल्पासारखें असून, दूताच्या हातीं पावित्र्याची द्योतक शुभ्र लिली आहे. तात्पर्य, वेष व वास्तु देशकालानुसार पालटतात. प्रतीक तेवढें टिकतें.

फोन्सेका अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेंत शिकले. कागद वारंवार भिजवून पातळ जलरंगांचे थर चढविण्याच्या तेथील पद्धतीमुळें देहाचा उठाव मंदावतो व मुद्रेवरील शांतरस पुढें येतो. मात्र हीच मृदुता क्रूसावरील वेदना दाखवितांना तोकडी पडते, असें आमचें मत आहे.

थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'नें १६१६ सालींच ख्रिस्तकथेस मराठी ओवीचा वेष दिला. त्या पहिल्या छापाची प्रत उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांनींच ग्रंथ तारिला. ओवीस जें साजलें, तें साडीस नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.