मोडक्या टेबलामागचा आवाज

नववीच्या वर्गातील एका मुलाने मधल्या सुट्टीत आपल्या भावाच्या मोबाईलवर मला एक अमेरिकन कुस्ती दाखविली, तेव्हा या विषयावर कधी लिहावे लागेल असे मनातही आले नव्हते. तारीख २८ जून १९९८, गाव पिट्सबर्ग. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकर नावाचा मल्ल मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, खाली फेकून देतो. सोळा-एक फुटांवरून तो अवजड देह येतो आणि रिंगणाशेजारच्या एका टेबलाचा चुराडा करीत जमिनीवर आदळतो. मुलगा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी विचारले, "ते टेबल कुणाचं रे?"

तो हसला. "स्पॅनिशवाल्यांचं, सर. नेहमी त्यांचंच मोडतात."

नेहमी त्यांचेच का, हा प्रश्न मला काही दिवस सोडीना. उत्तर साधेच निघाले. रिंगणाशेजारी दोन टेबले असत. एक इंग्रजी समालोचकांचे आणि दुसरे स्पॅनिश. मुख्य प्रक्षेपण इंग्रजीतून चाललेले. त्यात खंड पडून चालणार नाही. तेव्हा मोडायचे ते दुसरे. १९९५ साली ब्रेट हार्ट अशाच एका टेबलावर कोसळला, आणि पुढे पुढे तो प्रेक्षकांच्या आवडीचा विनोद होऊन बसला. पिट्सबर्गच्या त्या प्रसंगी जिम रॉस या इंग्रजी समालोचकाने फोडलेला टाहो आज जगभर लोकांच्या तोंडी आहे. पण ज्यांच्या पुढ्यातले टेबल गेले, त्या कार्लोस काब्रेरा आणि साविनोविच या दोघांचेही काम तोच प्रसंग सांगण्याचे होते. त्यांचे शब्द कुणी घोकीत नाही.

ऊगो साविनोविच (इंग्रजीत याला ह्यूगो म्हणतात, स्पॅनिश माणूस तो 'ह' उच्चारीत नाही) हा मूळचा इक्वेडोरचा. प्वेर्तो रिकोच्या आखाड्यात १९८०च्या दशकात तो आधी मल्ल आणि मग मल्लांचा व्यवस्थापक म्हणून गाजला. तोही खलनायकांचा व्यवस्थापक, म्हणजे पंचाची पाठ वळली की कपट करणारा आणि लोकांच्या शिव्या खाणारा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो अमेरिकेच्या त्या बलाढ्य कुस्ती कंपनीच्या स्पॅनिश टेबलावर जाऊन बसला आणि २०११पर्यंत तेथेच होता. पुढे त्याने मेक्सिकोच्या 'ट्रिपल ए' संस्थेसाठी समालोचन केले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. स्पॅनिश मला शब्दकोश हाताशी घेऊन, तीही अडखळतच कळते. तरीसुद्धा या माणसाबद्दल लिहिण्याचा थोडा अधिकार मी सांगतो, कारण कथा कशी सांगावी हा माझ्याही धंद्याचा प्रश्न आहे. ही कुस्ती नुरा कुस्ती होय. कोण जिंकणार ते आधी ठरलेले असते, आणि हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. मग निवेदकाने काय करावे? आमचा कीर्तनकार द्रौपदीवस्त्रहरण लावतो तेव्हा कृष्ण धावून येणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असते. तरी बुवांचा आवाज चिरकला की सभामंडप श्वास रोखतो. बुवा फसवीत नाहीत आणि श्रोतेही फसत नाहीत. दोघे मिळून एक गोष्ट खरी धरतात, इतकेच. साविनोविचची जात हीच. काब्रेरा डाव सांगतो, नावे सांगतो, हिशेब नीट ठेवतो. आणि साविनोविच शेजारी बसून भितो, चिडतो, हळहळतो, खदखदा हसतो. काब्रेरा नसता तर साविनोविचच्या आरड्याओरड्यात कुस्तीच हरवली असती, हेही सांगितले पाहिजे.

मेक्सिकोत या जोडीची परंपरा जुनी. तेथे मल्लांचे दोन पक्ष, नियम पाळणारे 'तेक्निको' आणि नियम मोडणारे 'रूदो'. डॉक्टर अल्फोन्सो मोरालेस आणि आर्तुरो रिवेरा हे तेथील नामांकित समालोचक. दोघेही २०२० साली वारले. रिवेराला लोक 'एल रूदो' म्हणत, कारण तो उघडउघड दांडगोबांची बाजू घेई. साविनोविचला असा एक पक्ष धरून भागणारे नव्हते, पण जुना कपटी व्यवस्थापक त्याच्यात मेलेला नव्हता. एखादा मल्ल पंचाच्या नजरेआड गळा दाबू लागला की साविनोविचच्या संतापात मला एक चोरटे कौतुक ऐकू येते. आपण हे कसे करीत होतो, ते त्या घशाला आठवत असावे.

त्याची खरी अडचण निराळी होती. अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक ३ कोटी ५३ लाख भरले. पण त्यांची स्पॅनिश एक नव्हे. 'ग्वाग्वा' म्हटले की इक्वेडोरच्या डोंगराळ भागात तान्हे मूल, आणि प्वेर्तो रिकोत बसगाडी! इक्वेडोरच्या माणसाने कोलंबियाच्या सोबत्याबरोबर बसून मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, अर्जेंटिनी अशा सगळ्या घरांत एकदम बोलायचे. हे इंग्रजीचे भाषांतर करून साधत नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीतून सांगितले, तेव्हा तो खेळ आमच्या ओसरीवर आला. इंग्रजी वाक्ये नुसती फिरवून तो आला नसता.

त्याचे दोष मी झाकणार नाही. तो फार लवकर वरच्या पट्टीत जातो. साध्या धोबीपछाडीलाही आकाश कोसळल्याचा सूर लावला, तर आकाश खरोखर कोसळेल तेव्हा काय उरणार? काही रात्री तर अर्ध्या तासात सगळा दारूगोळा संपलेला असतो. आणि २०१५ची 'ट्रिपलमेनिया'! मेक्सिको सिटीतील त्या सोहळ्याचे इंग्रजी समालोचन मॅट स्ट्रायकरच्या जोडीला साविनोविचकडे आले. तांत्रिक गोंधळ होताच. पण त्या समालोचनाची जी छीःथू झाली, ती मला अन्यायाची वाटत नाही. स्पॅनिशमध्ये ज्याच्या पायाखालची जमीन हलत नाही, तो इंग्रजीत चाचपडत चालला होता. विनोद उशिरा पोहोचत, संताप उसना वाटे. कलावंताला परक्याच्या टेबलावर बसविले की असे होते, अशी सबब मी सांगू शकतो, पण ऐकणाऱ्याने ती का ऐकावी?

मात्र मोडक्या टेबलाकडे मला पुन्हा यावेच लागते. मागे एका शाळेत इंग्रजीच्या तुकडीला खोली हवी म्हणून माझा मराठीचा वर्ग व्हरांड्यात गेला. फळा भिंतीला टेकवून मी शिकवीत राहिलो. मुले वाऱ्याने उडणारी पाने धरून बसत. त्या दिवसांत मी आवाज जरा अधिकच चढवीत असे, हे आता साविनोविच ऐकताना ध्यानात येते. तेव्हा त्याच्या वरच्या पट्टीबद्दल वर जे कठोरपणे लिहिले, ते खोडीत नाही, पण त्याचे कारण मला थोडे कळते.

२०१९च्या ऑक्टोबरअखेर सौदी अरेबियातील कार्यक्रम आटोपून परतणारे मल्ल तेथेच अडकून पडले. कंपनीने विमानातील बिघाड हे कारण दिले. साविनोविचने आपल्या श्रोत्यांना निराळी हकीकत सांगितली: येणे रकमेवरून वाद झाला होता, असे त्याचे म्हणणे. ती बातमी इंग्रजीवाल्यांनाही त्याचे नाव घेऊन छापावी लागली. खरे काय, त्याचा निवाडा मी करणार नाही. पण जन्मभर ठरलेल्या कुस्त्या खऱ्या करून सांगणाऱ्या माणसावर आता विश्वास ठेवावा की नाही, असे लोक विचारू लागले तेव्हा मला गंमत वाटली. मी ते निवेदन शब्दकोश बाजूला ठेवून ऐकले. कान त्या आवाजातला चढ शोधीत होते. तो नेहमीच्या जागी आला.

मधल्या सुट्टीतला तो मुलगा आता दहावीत आहे. परवा त्याला साविनोविचचे स्पॅनिश समालोचन ऐकविले. त्याला एक शब्द कळला नाही, पण एकदोनदा तो बाकावरून उठला.