कुमारवयीन मातृत्व आणि कुटुंबसंस्था : एक नाटक व तीन चित्रपट यांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

विवाहबाह्य गर्भधारणा हा विषय मराठी समाजचिंतनाला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले, त्यामागे सुरतेतील एका विधवेवर चाललेला भ्रूणहत्येचा खटला हे निमित्त होते. दोघांच्याही कृतीमागे एकच प्रश्न उभा होता : दोघांच्या संबंधातून जन्मलेल्या मुलाचा दोष एकटीच्याच माथी का मारला जातो ? फुल्यांच्या काळात या प्रश्नाच्या केंद्रस्थानी विधवा होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलीने घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तर महाविद्यालयात नुकतीच आलेली किंवा शाळेत असलेली मुलगीच चित्रपटाची नायिका झाली.

वय असे खाली आले, तसे एक महत्त्वाचे पात्र रंगभूमीवर व पडद्यावर पुढे आले, ते म्हणजे मुलीचे कुटुंब. प्रस्तुत लेखात विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) हे नाटक आणि 'क्या कहना' (2000), 'जुनो' (2007) व 'बालक-पालक' (2013) हे तीन चित्रपट यांच्या आधारे या कुटुंबाच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे :

1. निवडलेल्या कलाकृतींत मुलीच्या कुटुंबाची भूमिका कशी रंगविली आहे, हे तपासणे.
2. कुटुंबाची लाज नेमकी कशाची आहे, मुलीच्या वयाची की तिच्या अविवाहितपणाची, याचा शोध घेणे.
3. गर्भाविषयीचा निर्णय कलाकृतीत कोणाच्या हाती राहतो, हे पाहणे.

विवेचन :

अ) 'शांतता! कोर्ट चालू आहे' : अनुपस्थित कुटुंब

लीला बेणारे ही शिक्षिका आहे, कुमारवयीन नाही. तरीही या अभ्यासाचा आरंभ तिच्यापासून करावा लागतो. हौशी मंडळींनी गंमत म्हणून मांडलेल्या अभिरूप न्यायालयात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि पाहता पाहता खेळाचे रूपांतर तिच्या खऱ्या आयुष्याच्या झडतीत होते. तिच्या पोटातील मुलाचे वडील प्रा. दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाहीत. अखेर न्यायासनावर बसलेले काशीकर तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निवाडा देतात.

बेणारेच्या अखेरच्या स्वगतात तिच्या पौगंडावस्थेचा भाग उलगडतो. कोवळ्या वयात सख्ख्या मामाशी जडलेले संबंध, लग्नाचा तिने धरलेला हट्ट, आईसह सर्वांचा विरोध, ऐन वेळी मामाने घेतलेली माघार आणि त्यानंतर जीव देण्याचा तिचा प्रयत्न, एवढाच तिच्या कुटुंबाचा तपशील प्रेक्षकाला मिळतो. मुलीला घरातल्याच प्रौढ पुरुषापासून वाचविण्यात ते घर अपयशी ठरले. परंतु त्या अपयशाचा जाब नाटकातील न्यायालय कोणालाही विचारत नाही. उलट ती घटना बेणारेच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जाते. आजच्या दृष्टीने जी मुलगी अत्याचाराची बळी ठरली असती, तिलाच आरोपी ठरविले जाते. येथे कुटुंब अनुपस्थित असले तरी त्याची जागा 'न्यायालय' घेते. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही मंडळी ज्या अधिकाराने बोलतात, तो वडीलधाऱ्यांचाच अधिकार होय. तेंडुलकरांच्या नाटकाची धार या अदलाबदलीत आहे.

ब) 'क्या कहना' : क्षमा करणारे कुटुंब

कुंदन शाह दिग्दर्शित व हनी इराणी लिखित या हिंदी चित्रपटाने हा विषय लोकप्रिय चौकटीत आणला. महाविद्यालयात नुकतीच आलेली प्रिया राहुलच्या प्रेमात पडते, गर्भवती होते आणि राहुल लग्नाला नकार देतो. मूल वाढविण्याचा निर्णय प्रिया घेते. आरंभी तिला दूर लोटणारे कुटुंब काही काळाने तिला परत आणते आणि मग समाजाच्या बहिष्काराला तिच्यासह सामोरे जाते. महाविद्यालयात तिची जी थट्टा होते, तिला सारे घर मिळून उत्तर देते.

हिंदी चित्रपटाच्या संदर्भात हे धाडस मान्य केले पाहिजे. मुलीने विष घ्यावे, विहीर जवळ करावी किंवा दूर गावी नाहीशी व्हावी, हा रूढ शेवट येथे नाकारला आहे. मात्र प्रियाचे घर सुखवस्तू आणि प्रेमळ आहे. घर बदलले की प्रश्न सुटतो, अशी चित्रपटाची श्रद्धा दिसते. जिच्या घरी परत बोलावणारे कोणी नाही, अशा मुलीविषयी चित्रपटाला काही सांगता येत नाही. दुसरे असे की, अखेरीस पश्चात्तापदग्ध राहुल आणि निष्ठावान अजय यांतून प्रिया अजयची निवड करते. म्हणजे मातृत्वाला प्रतिष्ठा देण्यासाठी कथेला शेवटी पुरुषाचा आधार लागतोच. क्षमा ही मोठी गोष्ट खरी, परंतु क्षमा करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. क्षमा म्हणजे अधिकाराची मान्यता नव्हे, हा फरक चित्रपटाने पुसट ठेवला आहे.

क) 'जुनो' : सोबत करणारे कुटुंब

जेसन रीटमन दिग्दर्शित 'जुनो'ची पटकथा डायब्लो कोडी यांची असून तिला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहणारी सोळा वर्षांची जुनो गर्भपात केंद्रात जाऊन परत फिरते, जन्माला येणारे मूल एका दांपत्याला दत्तक देण्याचे ठरवते आणि त्यानंतर वडिलांना व सावत्र आईला सारे सांगते. हा क्रम लक्षणीय आहे. येथे निर्णय आधी होतो, घराला तो नंतर कळतो. वडील निराश होतात, पण दत्तक घेणाऱ्या दांपत्याकडे ते तिच्यासोबत जातात. सोनोग्राफी करणारी तंत्रज्ञ जुनोविषयी हिणकस बोलते, तेव्हा तिला खडसावते ती सावत्र आई. आपल्याकडील कथांनी सावत्र आईला दिलेली प्रतिमा पाहता हा प्रसंग विशेष बोलका ठरतो.

या चित्रपटावर विषय हलका केल्याचा आक्षेप घेतला गेला. 2008 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर येथील एका शाळेत अनेक विद्यार्थिनी गर्भवती असल्याचे वृत्त आले, तेव्हा प्रसारमाध्यमांनी 'जुनो इफेक्ट' असा शब्दप्रयोग केला. एका चित्रपटावर इतका भार टाकणे योग्य नाही. तथापि, जुनोचा शेवट जितका सहज आहे, तितके मूल देऊन टाकणे सहज असते का, ही शंका उरतेच. भारतात 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार बालकल्याण समितीसमोर मूल सुपूर्द करणाऱ्या पालकाला फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला जातो. कायद्याने ओळखलेली ही घालमेल चित्रपटाने मात्र फार थोड्या अवकाशात आटोपली आहे.

ड) 'बालक-पालक' : मौन पाळणारे कुटुंब

रवी जाधव दिग्दर्शित या मराठी चित्रपटात 1980 च्या दशकातील मुंबईची चाळ आहे. चाळीतल्या ज्योतीताईला बदनामीमुळे चाळ सोडावी लागते. तिने 'शेण खाल्ले' एवढेच चार मुलांच्या कानावर येते. त्याचा अर्थ सांगायला एकही घर तयार नसते. अर्थ शोधण्यासाठी मुले मग चोरवाटांनी जातात. ज्योती फार काळ पडद्यावर नाही, पण चित्रपट तिच्याच जाण्यावर उभा आहे. येथे लाज एका घराची राहत नाही, ती साऱ्या चाळीची होते आणि तिची किंमत पुढच्या पिढीच्या अज्ञानाने मोजली जाते. इतर तीन कलाकृती घटना घडून गेल्यानंतरचे बोलतात. 'बालक-पालक' ती घडण्यापूर्वीच्या मौनाकडे बोट दाखवतो. या विषयाच्या चर्चेत त्याचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे.

इ) लाज कशाची ?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार महाराष्ट्रात 15 ते 19 वयोगटातील 7.6 टक्के स्त्रिया माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या. 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. या दोन आकड्यांतून दिसते की, आपल्याकडील कुमारवयीन मातृत्वाचा मोठा भाग विवाहाच्या आतला आहे. सतरा वर्षांच्या विवाहितेचे डोहाळजेवण होते, तिची ओटी भरली जाते. त्याच वयाच्या अविवाहितेला गाव सोडावे लागते. दोघींचे शरीर तितकेच कोवळे, धोका तितकाच आणि शिक्षण तितकेच खंडित. कुटुंबाची लाज मुलीच्या वयाशी नव्हे, गळ्यातील मंगळसूत्राशी निगडित आहे, हे येथे स्पष्ट होते. निवडलेल्या चारही कलाकृती अविवाहितेविषयी बोलतात. त्या विवाहित मुलीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ही उणीव एखाद्या लेखकाची नसून आपल्या एकूण कलाव्यवहाराची आहे.

कायद्याच्या बाजूनेही चित्र गुंतागुंतीचे आहे. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली अठरा वर्षांखालील मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशा प्रकरणाची पोलिसांना खबर देणे बंधनकारक केले. परिणामी खबरेच्या भीतीने कुटुंबे रुग्णालय टाळतात आणि मुलगी असुरक्षित हातांत जाण्याचा धोका वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 च्या निकालात, मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. कुटुंबाच्या मौनाची दखल येथे न्यायालयाला घ्यावी लागली.

निष्कर्ष :

1. अभ्यासलेल्या कलाकृतींत कुटुंब अनुक्रमे अनुपस्थित, क्षमाशील, सोबती आणि मौनी अशा चार रूपांत येते. यांपैकी केवळ सोबतीच्या रूपात मुलीचा निर्णय मुलीकडे निर्वेधपणे राहतो.
2. मुलाचा पिता व त्याचे घर यांना जाब विचारण्याचे काम चारही कलाकृतींत अपुरे राहिले आहे. ताराबाई शिंदे यांचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.
3. कुटुंबाची लाज वयाची नसून अविवाहितपणाची आहे. म्हणून बालविवाहातून आलेले मातृत्व कलेच्या नजरेतून निसटते.
4. फुले दांपत्याने काशीबाई या विधवेला केवळ आसरा दिला नाही, तर तिचा मुलगा यशवंत याला दत्तक घेऊन स्वतःचे नाव दिले. क्षमेच्या पलीकडचे हे पाऊल एकोणिसाव्या शतकातील पुण्यात प्रत्यक्ष पडले होते. मराठी रंगभूमी व चित्रपट यांना त्या घराची कथा कुमारवयीन मुलीच्या संदर्भात अजून सांगावयाची आहे.