प्रबंधानंतरची भाकर

संशोधन हे बुद्धीचे काम आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. संशोधनाला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची शेती, वाडा किंवा पेन्शन आहे त्याला हा वेळ वारशाने मिळतो. ज्याच्या घरात पहिलीच पदवी आली त्याला तो शिष्यवृत्तीतून मिळतो आणि शिष्यवृत्तीबरोबरच संपतो. पीएच.डी.पर्यंतच्या अडचणींची चर्चा आपण पुष्कळ केली. पीएच.डी.नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांची चर्चा मात्र आपल्या वर्तुळात जवळजवळ होत नाही. वास्तविक प्रबंधाचा ग्रंथ होतो तो याच काळात. मार्गदर्शकाने दिलेला विषय बाजूला ठेवून संशोधक स्वतःचा प्रश्न विचारू लागतो, तोही याच काळात.

या संदर्भात बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. 1913 साली बडोदे संस्थानाची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, त्याबदली दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार झाला. 1917 साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर मिळाले नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा होता की प्रबंध छापून सादर केल्याशिवाय डॉक्टरेट द्यायची नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये 1925 साली छापून झाला आणि पदवी 1927 साली मिळाली. म्हणजे कोलंबिया सोडल्यापासून तब्बल अकरा वर्षे! ही दिरंगाई बुद्धीची होती काय? आपण बाबासाहेबांच्या जिद्दीचे गोडवे गातो, ते योग्यच आहे. परंतु एका माणसाच्या असामान्य जिद्दीवर साऱ्या समाजाची ज्ञानव्यवस्था उभी करता येत नाही.

आजची स्थिती काय आहे? बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.पुरती आहे आणि तिच्यासाठीसुद्धा 2023 साली संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाची अनुसूचित जाती-जमातींच्या पीएच.डी.धारकांसाठी एक योजना होती. साऱ्या देशासाठी आणि साऱ्या विषयांसाठी मिळून वर्षाला शंभर जागा! प्रबंध स्वीकारला गेला की आमचा संशोधक घड्याळी तासिका तत्त्वावर महाविद्यालयात उभा राहतो. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. सुट्टीत काही नाही. संशोधनाला जी सुट्टी हवी तीच त्याच्या घरातला उपासाचा काळ असते. अशा वेळी प्रबंध कपाटात पडून राहतो आणि लोक म्हणतात, या मुलांना पदवीच हवी होती, संशोधन नको होते.

मग परदेशी फाउंडेशनांकडे बोट दाखवले जाते. न्यूयॉर्कचे वेनर-ग्रेन फाउंडेशन 1941 साली वायकिंग फंड या नावाने सुरू झाले. मानववंशशास्त्रात डॉक्टरेट झालेल्यांना ते नव्या संशोधनासाठी अनुदान देते, त्यात राष्ट्रीयत्वाची अट नाही. हे उदार आहे यात शंका नाही. परंतु या अनुदानातून प्रवास, क्षेत्रकार्य, साहित्य यांचा खर्च निघतो. अर्जदाराचा स्वतःचा पगार त्यातून घेता येत नाही. म्हणजे अर्जदार कोठेतरी पगारावर आहे हे त्यांनी गृहीत धरले आहे. तासिकेवरच्या माणसाने गावोगाव फिरायचे भाडे घ्यावे आणि घरी चूल कशी पेटवावी? नियम जातीचा नाही, तरी तो कोणाला बाहेर ठेवतो हे उघड आहे.

पैसा देणारा विषयही ठरवू पाहतो, ही दुसरी बाजू. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बडोद्याने 1913 साली अशी अट घातली असती, तर 1916 साली कोलंबियाच्या चर्चासत्रात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध कोणत्या शिष्यवृत्तीत बसला असता? दलितांना परदेशी पाठवायचे, पण आपल्या गुलामगिरीचा अभ्यास करू द्यायचा नाही, असाच याचा अर्थ होतो.

फर्दापूरसारख्या गावात राहताना हा प्रश्न अधिक टोचतो, कारण गाव अजिंठ्याच्या पायथ्याशी आहे. या लेण्यांच्या अभ्यासावर काय कमी पैसा खर्च झाला? ईस्ट इंडिया कंपनीने 1844 साली रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकलांसाठी नेमले. ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी घेऊन 1872 पासून येथे काम करीत राहिला. निझामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींचा पहिला खंड 1930 साली निघाला, चौथा 1955 साली. एका विषयाला इतका अवधी आणि आधार मिळाला म्हणून ते ज्ञान उभे राहिले. याच पायथ्याचा एखादा बौद्ध मुलगा पाली घेऊन डॉक्टर झाला, तर त्याला पंचवीस सोडा, तीन वर्षे तरी कोण देणार आहे?

सरकारकडे मागणी केलीच पाहिजे. बार्टीने पीएच.डी.नंतर निदान तीन वर्षांची अधिछात्रवृत्ती द्यावी. तीत निर्वाहाचा खर्च असावा, नोकरीची अट नसावी, अर्ज मराठीत करता यावा आणि प्रबंध ग्रंथरूपाने छापण्याची तरतूद असावी. वयाची अट ठेवायचीच असेल, तर आमची मुले मजुरी करीत शिकतात आणि उशिरा डॉक्टर होतात, हे ध्यानात घ्यावे.

परंतु सारा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातही पदोन्नतीपुरते प्रबंध लिहिले गेले आहेत, आणि कायम नोकरी लागलेल्या किती प्राध्यापकांनी तासिकेवरच्या सहकाऱ्याचा प्रबंध वाचला आहे? जयंतीला आपण वर्गणी देतो, विहाराला दान देतो. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटकांचा मंत्री वराहदेव याच्या दानातून झाले, सव्विसावे भिक्षू बुद्धभद्राच्या पुढाकाराने. दानाची परंपरा आपली आहे. पगारदार बौद्धांनी जिल्हानिहाय वर्गणी काढून दरवर्षी एका नव्या डॉक्टरला एक वर्ष पोसावे आणि त्याच्यावर विषयाची कोणतीही अट घालू नये. त्याने आपल्याच चळवळीवर टीका लिहिली तरी ती छापावी. एवढे केले तर सरकारकडे मागताना आपला आवाज खणखणीत राहील.