यशाची पुस्तकं उदंड, मनाची मोजकी

मराठी पुस्तकांच्या दुकानात आज दारातला कप्पा व्यक्तिमत्त्व विकासाचा असतो. कथासंग्रह आत, कवितासंग्रह त्याहून आत, आणि दर्शनी जागेवर श्रीमंती, सवयी, अंतर्मन, वेळेचं नियोजन. तालुक्याच्या गावी पुस्तकांचं वेगळं दुकान नसलं, तरी स्टेशनरीच्या दुकानात स्पर्धा परीक्षेच्या गाईडांशेजारी हीच पुस्तकं रचलेली दिसतात. यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक कधी आलं नाही, तिथं पोराने स्वतःच्या पैशाने आणलेलं पहिलं पुस्तक बहुधा याच कप्प्यातलं असतं. म्हणूनच त्याची परीक्षा कथा-कादंबरीइतकीच कडक व्हायला हवी. मराठी समीक्षेने ती फारशी कधी घेतली नाही.

ती घ्यायला धाराशिव जिल्हा ही चांगली जागा आहे. हा पर्जन्यछायेतला, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा मुलूख. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी; जिथं पाणी लागलं तिथं ऊस. पेरणी आपल्या हातात, पाऊस नाही. काढणी हातात, भाव नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान काढलं, ते यवतमाळ आणि या जिल्ह्यातच. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही याचं नाव आलं. अशा ठिकाणी आत्मविकासाच्या पुस्तकाला एकच प्रश्न विचारला तरी पुरे: माझ्या हातात काय आहे आणि काय नाही, हे तू मला खरं सांगतोस का?

सुरुवात भाषांतरांपासून करू, कारण कप्पा त्यांनीच भरला आहे. या साहित्याचा एक मूळपुरुष सॅम्युअल स्माइल्स. त्याचं ‘सेल्फ हेल्प’ १८५९ चं. पुढे मंदीतल्या अमेरिकेत १९३६ मध्ये डेल कार्नेगी आला, १९३७ मध्ये नेपोलियन हिल. माणसं हवालदिल असताना ही पुस्तकं खपली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कार्नेगी आजही वाचावा. समोरच्याचं ऐकून घ्या, चूक असेल तर आधी आपली कबूल करा, हे त्याचं सांगणं बाजार समितीत जितकं लागू तितकंच भावकीत. स्टीफन कव्हीचं १९८९ चं सात सवयींचं पुस्तक वरच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतं. आपल्याला कशाकशाची काळजी वाटते आणि त्यातल्या कशावर आपला प्रभाव चालतो, अशी दोन वर्तुळं तो पहिल्याच सवयीत आखून दाखवतो. जेम्स क्लिअरचं २०१८ चं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ कसबी आहे, छोट्या बदलाची ताकद त्याने नेमकी ओळखली आहे. पण आपला दिवस आपल्याला हवा तसा लावता येतो, हे त्याने गृहीत धरलं आहे. चुलीपासून शेतापर्यंत ज्या सुनेचा प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला आहे, तिच्यासाठी या पुस्तकातली पानं फार थोडी.

प्रश्नाला सर्वांत खोटं उत्तर देतं ते रॉंडा बर्नचं २००६ मधलं ‘द सीक्रेट’ आणि त्याच्या मागून आलेली सगळी पिलावळ. विचार जसे तसं जग तुमच्याकडे ओढलं जातं, असा त्यांचा सिद्धांत. मग ज्या वर्षी मृग कोरडा गेला, त्या वर्षी अख्ख्या भूम-परंड्याने चुकीचा विचार केला होता का? या सिद्धांतात दिलासा आहे तो जिंकलेल्यासाठी. हरलेल्याच्या पदरात त्याच्या नुकसानीबरोबर त्या नुकसानीचा दोषही पडतो. खचलेल्या माणसाच्या हाती हे पुस्तक देणं धोक्याचं आहे.

भाषांतरांचा दुसरा दोष कारागिरीचा. बर्फ पडणं, गोल्फ, घराचं तारण हे दाखले जसेच्या तसे येतात, आणि वाक्यं मराठी लिपीत असूनही बोलणारा माणूस मराठी वाटत नाही. याला सन्मान्य अपवाद आहेत. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेलं अब्दुल कलामांचं ‘अग्निपंख’ घरोघर गेलं. त्याचा विषय भारतीय म्हणून ते जवळचं वाटलंच, पण मराठीही वाचवत होती. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आज वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो.

दुसरा मोठा गठ्ठा यशकथांचा. विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’, राजेश पाटील यांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’, शेजारच्या बार्शी तालुक्यातले रमेश घोलप यांचं ‘इथे थांबणे नाही’ ही पुस्तकं मराठवाड्यातल्या अभ्यासिकांतून हातोहात फिरतात. त्यांचं मोल मोठं आहे. गरिबी, बोलीची लाज, इंग्रजीची भीती यांबद्दल ती मोकळेपणी बोलतात. साहेब झालेल्या माणसाची आई बांगड्या विकत होती किंवा तो स्वतः मजुरीला जात होता, हे छापील पानावर वाचताना पोराची मान ताठ होते. पण या प्रकाराला जन्मजात मर्यादा आहे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना पुस्तक लिहितो तो निवड झालेला. पाचव्या प्रयत्नानंतर वयाच्या तिशीत गावी परतलेल्याने रानात पाऊल कसं टाकलं, सोयरिकीच्या प्रश्नाला तोंड कसं दिलं, चार वर्षांनी नवं काय उभं केलं, याचं पुस्तक मराठीत सहज सापडत नाही. वाचणाऱ्यांत संख्या मात्र त्याचीच जास्त. थांबायचं कधी, हेही शहाणपण आहे, आणि यशकथा ते शिकवू शकत नाही.

तिसरा प्रवाह मराठी मनोविज्ञान-लेखनाचा, आणि तिथं मराठीने मान वर करून बोलावं असं काम झालं आहे. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजली. घटना आपल्याला जितकी छळते त्याहून अधिक छळतो तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज, हे तिचं सूत्र. ‘असं व्हायलाच हवं होतं’ आणि ‘असं झालं असतं तर बरं झालं असतं’ यांत केवढं अंतर आहे, हे ती दाखवते. डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ हे या विचाराचं मराठीतलं उत्तम पुस्तक. त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभारली आणि लेखन, व्याख्यानं, नाट्य, चित्रफिती अशा सगळ्या वाटांनी हा विषय दवाखान्याबाहेर आणला. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ने त्या मानसशास्त्रज्ञाचं चरित्र कादंबरीच्या ओघात सांगितलं. शेजारच्या सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनी ‘मनात’मधून मानसशास्त्राचा इतिहास आणि नीलांबरी जोशींसोबतच्या ‘मनकल्लोळ’मधून मनोविकारांची ओळख करून दिली. जड विषय गप्पांच्या सुरात सांगण्याची त्यांची हातोटी पुस्तकाची जाडी विसरायला लावते. शिवराज गोर्ले यांचं ‘मजेत जगावं कसं?’ हलक्याफुलक्या अंगाने जातं, आणि पहिलं वाचन म्हणून तेच सोपं पडतं.

हातात काय आणि हाताबाहेर काय, ही कसोटी या प्रवाहाला सर्वांत चांगली पार करता येते. उणीव निराळीच आहे. या पुस्तकांतली माणसं बहुतेक शहरांतली: नोकरीतली स्पर्धा, फ्लॅटमधलं एकटेपण, दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप. बँकेचा माणूस चावडीवर आला तेव्हा वाटलेली शरम, बांधावरून सख्ख्या भावाशी आलेलं वैर, लेकीच्या लग्नाचा धसका, ऊसतोडीला जाताना मागे ठेवलेल्या लेकरांची रुखरुख, ही मनं तिथं क्वचितच भेटतात. लेखकांची आस्था कमी आहे असं मुळीच नाही. दवाखाना जिथं, तिथलाच रुग्ण पुस्तकात येणार.

ती मनं भेटतात ती कथेत. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकामुळे पिढ्यांच्या ओळखीची झाली. टोमॅटोला भाव मिळेना म्हणून बाप भर बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो, आणि मुलगा ते पाहतो. राग कसा साचतो, त्याला योग्य माणूस सापडला नाही की तो आपल्याच कष्टावर कसा उलटतो, आणि शेजारी उभ्या लेकराच्या मनावर काय उमटतं, हे राग-नियंत्रणाच्या कुठल्याही पुस्तकाहून खोलवर तिथं कळतं. चंदनशिव उपाय सांगत नाहीत. ते कथेचं कामही नव्हे. पण उपायाआधी ओळख लागते, आणि ती याच मातीतल्या लेखकाने दिली. ‘जांभळढव्ह’, ‘मरणकळा’, ‘अंगारमाती’ हे त्यांचे संग्रह जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात हवेत.

आत्मकथनांचंही तसंच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ गेल्या शतकाच्या तिशीत आली. तापट, लहरी, मोठ्या मनाच्या नवऱ्यासोबतचा संसार त्यांनी कडवटपणाचा थेंब न सांडता सांगितला; स्वतःवर हसता येणं ही केवढी ताकद आहे, हे शिकायला दुसरं पुस्तक नको. सुनीता देशपांडे यांचं १९९० मधलं ‘आहे मनोहर तरी’ प्रेम आणि तक्रार एकाच वेळी खरी असू शकते, हे धिटाईने मांडतं. अनिल अवचटांनी पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासोबत १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनातून वर येणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी लिहिलं ते उपदेश टाळून. गावोगाव दारूने घरं पोखरली असताना ‘मुक्तांगणची गोष्ट’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या कप्प्यात का नसते, हे कोडंच आहे.

आता जुनं. रामदासांचे मनाचे श्लोक आणि दासबोध ही आपली आद्य आत्मपरीक्षणाची पुस्तकं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणं आहेत. स्वतःला त्यांत ओळखायचं धाडस असेल, तर आजच्या अनेक कार्यशाळांची फी वाचेल. धाराशिव जिल्ह्याचा स्वतःचा वारसा याहून जुना, तेरच्या गोरोबाकाकांचा. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं तपासलं, नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले, अशी आख्यायिका आहे. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. या कथेचं मर्म आजच्या पुस्तकांनी हरवलेलं आहे: आपला कच्चेपणा आपला आपल्याला दिसत नाही, तो संगतीत कळतो. आधुनिक आत्मविकास एकट्या माणसाला आरशासमोर उभा करतो. वारकरी परंपरेने त्याला चौघांत बसवलं.

चौघांत बसण्याचं बळ या जिल्ह्याने अलीकडेही पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर परिसर इकडचा, आणि तिथंही घरंच्या घरं गाडली गेली. त्यानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी या भागात काम केलं, आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गावच्या बायकांना पुनर्वसनाच्या कामात पुढे आणलं. दुःख आवरून माणसं उभी राहिली ती काम आणि सोबत मिळाल्यामुळे. या अनुभवाचं, दुःखाशी जगायला शिकण्याचं, सोप्या मराठीतलं पुस्तक ही आपल्या वाङ्मयातली ठळक रिकामी जागा आहे.

२०२० च्या जानेवारीत धाराशिव शहरात, संत गोरोबा काका साहित्यनगरीत, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘ओअ‍ॅसिसच्या शोधात’ लिहिणारा, करुणा हाच ज्याच्या गद्याचा स्थायीभाव, असा लेखक इथं अध्यक्ष म्हणून यावा, हा योग चांगला होता. त्यांच्यासारखं शांत, घाई नसलेलं चिंतनपर गद्य आज आत्मविकासाच्या बाजारात सर्वांत दुर्मिळ आहे.

तर लेखाजोखा असा. भाषांतरांचा महापूर आहे, त्यात चार-दोनच पुस्तकं टिकाऊ. यशकथा बळ देतात, दिशा अर्धीच देतात. मराठी मनोविज्ञान-लेखन दर्जेदार आहे, पण शहराच्या वेशीवर थांबलं आहे. मनाची सर्वांत खरी पुस्तकं कथा आणि आत्मकथनांच्या कप्प्यात धूळ खात आहेत, कारण त्यांच्या पाठीवर ‘आयुष्य बदला’ असं छापलेलं नाही.

पुस्तकाचीही एक हद्द आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर ते वाचनाने भागणारं दुखणं नव्हे. २०१५ पासून आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प शेतकरी कुटुंबांसाठी आहे, जिल्हा रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. आत्मविकासाच्या प्रत्येक मराठी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो छापला पाहिजे.

प्रकाशकांनी पुढचं परदेशी पुस्तक भाषांतराला देण्याआधी एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकाला, आशा कार्यकर्तीला, परीक्षा सोडून गावी रमलेल्या तरुणाला लिहितं करावं. ग्रंथपालांनी अनुदानातून यशाची दहा पुस्तकं घेताना ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘जांभळढव्ह’ त्याच कप्प्यात, त्याच उंचीवर लावावीत. आणि वाचकाने पुस्तक विकत घेण्याआधी मधलं कुठलंही पान उघडून पाहावं: लेखक तुमच्या अडचणीला तुम्हालाच जबाबदार धरत असेल, तर ते पुस्तक तिथंच ठेवून द्यावं.