टाकाऊ वस्तूंतील नगरकल्पना : बोदिस इसेक किंगेलेझ यांची लघुशिल्पे

काँगोचे शिल्पकार बोदिस इसेक किंगेलेझ (१९४८–२०१५) यांच्या लघुनगरांकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’ एवढ्याच दृष्टीने पाहिल्यास त्यांचे कौशल्य दिसते, विचार मात्र निसटतो. १९७० मध्ये खेड्यातून किन्शासा येथे आलेल्या किंगेलेझ यांनी तेथील राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत जुन्या कलावस्तूंच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे पुठ्ठा, रंगीत कागद, प्लॅस्टिक, बाटल्यांची झाकणे, वस्तूंची वेष्टने यांतून त्यांनी मनोरे व संपूर्ण नगरे उभारली. १९८९ च्या पॅरिस येथील प्रदर्शनाने त्यांना जागतिक ओळख मिळाली.

सामान्यतः प्रतिकृतीचे प्रमाण मूळ वास्तूवरून ठरते. किंगेलेझ यांच्या बहुतेक इमारतींना असे मूळच नाही. त्यामुळे येथे प्रमाण हे मोजमाप न राहता आकांक्षेचे रूप घेते. एड्सग्रस्तांसाठीच्या रुग्णालयाची १९९१ मधील कलाकृती याची साक्ष देते. ‘विल फांतोम’ (१९९६) या नगरात तर पोलीस, सैनिक वा डॉक्टर यांची गरजच उरलेली नाही. मोबुटू यांची राजवट १९९७ पर्यंत टिकली, हे लक्षात घेता ही अनुपस्थिती राजकीय ठरते.

तथापि या झगमगत्या नगरांत माणसांच्या आकृतीही नाहीत. ज्या रस्त्यांवरील जगण्यातून झाकणे व वेष्टने आली, तेथील सामान्यांचे घर या नगरात कोठे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणूनच या कलाकृतींचे मूल्यमापन कारागिरीपुरते मर्यादित न ठेवता नगरविचार म्हणून, त्यातील उणिवेसह, होणे आवश्यक आहे.