चाचणीत नकाराची जागा

लक्षणाचे दोन दोष आपल्या परिचयाचे आहेत. जे यायला हवे ते सुटले की अव्याप्ती. जे यायला नको ते शिरले की अतिव्याप्ती. आज हीच कसोटी आम्ही एका नव्या व्याकरणाला लावणार आहोत.

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या 8व्या आवृत्तीत, 2014 साली, कन्स्ट्रक्टरचा नुसता निर्देश करण्याची सोय आली. 'अ‍ॅरेलिस्ट<स्ट्रिंग>::न्यू' असे लिहिले की यादी लगेच तयार होत नाही. ती कशी घडवायची एवढेच सांगून ठेवले जाते. नियम आटोपशीर आहे: क्लासचे नाव, '::', हवे तर कोनी कंसात टाइप, शेवटी 'न्यू'. अ‍ॅरे असेल तर मधल्या कोनी कंसाला परवानगी नाही.

भाषेच्या अधिकृत नियमग्रंथात याची उदाहरणे आहेत, आणि ती सगळी बरोबर वाक्यांची आहेत. शिकण्यासाठी ठीक. पण पार्सर तपासणारेही तीच यादी उचलतात आणि समाधान मानतात, याला आमचा आक्षेप आहे. अहो, समोर येईल त्याला 'हो' म्हणणारा पार्सरही या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवेल! अतिव्याप्ती तपासलीच गेली नाही. 'अ‍ॅरेलिस्ट<>::न्यू' किंवा 'इंट[]::<स्ट्रिंग>न्यू' दिल्यावर तो नकार देतो का, हेही पाहिले पाहिजे.

आता 'अ‍ॅरेलिस्ट<?>::न्यू' बघा. व्याकरण याला अडवत नाही. अडवतो तो पुढचा, अर्थाचा नियम. नैयायिकांचे 'विस्तवाने शिंपतो' हे वाक्य असेच: रचना शुद्ध, योग्यता नाही. म्हणून नकार मिळाला एवढ्यावर थांबू नये. तो कोणत्या पायरीवर मिळाला हेही चाचणीत नोंदवावे.

होकारही तसाच तपासावा लागतो. 'काम(अ<ब, क>::न्यू)' हे वाक्य घ्या. '::' येईपर्यंत 'अ<ब' आणि 'क>' या दोन तुलना वाटतात, म्हणजे दोन आर्ग्युमेंट. '::' दिसल्यावर कळते की सगळे मिळून एकच आर्ग्युमेंट आहे. तेव्हा पार्सरने उभारलेली बांधणी उघडून पाहायला हवी. नुसते 'चालले' म्हणून भागत नाही.

अव्याप्ती, अतिव्याप्ती, नकाराची पायरी, होकाराची बांधणी: या चारही बाजू तपासल्याशिवाय नियम बरोबर उतरला, असे आम्ही तरी म्हणणार नाही.